साहेब म्हणतात, स्कॅन झालं की रद्दीत काढा

ताई, नमस्कार. पत्र मिळालं, वाचलं, आणि खरं सांगायचं तर वाचताना तुमच्या साहेबांचा राग आला. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताई एका तहसील कार्यालयात महसूल सहायक आहेत, मागच्या बदल्यांमध्ये रेकॉर्ड रूमचा चार्ज त्यांच्या गळ्यात पडला. कार्यालय सुधारण्याचा कार्यक्रम आला म्हणून साहेबांनी एक एजन्सी लावली, ती पोरं पानामागून पान स्कॅन करून एका हार्डडिस्कवर टाकतायत, आणि साहेबांचं तोंडी फर्मान असं की स्कॅन झालेला गठ्ठा रद्दीवाल्याला द्या, खोली मोकळी करा, तिथे व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सची, रूम करायचीय. त्यात माहिती अधिकारात २०११ च्या एका अकृषिक परवानगीची (शेतजमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायच्या परवानगीची) नस्ती, म्हणजे फाईल, कुणीतरी मागितलीय, ती कपाटातही सापडेना आणि हार्डडिस्कमध्येही सापडेना. शिवाय साहेबांचं डिजिटल सहीचं डोंगल ताईंच्याच ड्रॉवरमध्ये असतं. आणि प्रश्न एकच, "यात मी अडकेन का हो?"

हो. आत्ता चाललंय तसंच चालू राहिलं तर अडकाल, आणि साहेब नाही, तुम्ही अडकाल, कारण चार्ज रिपोर्टवर सही तुमची आहे आणि साहेबांचा आदेश हवेत आहे.

म्हणून पहिली गोष्ट, एकही गठ्ठा रद्दीवाल्याला जाऊ देऊ नका. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ नावाचा कायदा आहे, बहुतेक ऑफिसांत त्याचं नाव फक्त माहिती अधिकारवाल्यांनाच माहीत असतं, त्यात बेकायदा रेकॉर्ड नष्ट केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. स्कॅन केलं होतं साहेब, ही त्यातली पळवाट नाही. लोक माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७ दाखवतात की बघा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जतन केलं तरी चालतं, चालतं ना, पण ते कलम नीट वाचा, त्यात अटी आहेत, रेकॉर्ड पुढे उघडता आलं पाहिजे, मुळाबरहुकूम असलं पाहिजे, कुठून आलं कुठे गेलं कधी आलं कधी गेलं हे ओळखता आलं पाहिजे. मूळ कागद जाळून टाका असं त्यात कुठेही लिहिलेलं नाहीये.

आता कुठला कागद किती वर्षं ठेवायचा हे स्कॅनरवर ठरत नाही, वर्गीकरणावर ठरतं. अ म्हणजे कायम, ब म्हणजे ३० वर्षं, मग क, क-१ आणि वर्षभरात निकाली निघणारा ड, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. सहा गठ्ठा पद्धत आपल्या हाडात भिनलेली आहे, त्यातला पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवायचा आणि सहावा नाश करायचा, एवढं शिपायालाही पाठ असतं. गंमत अशी की कॉम्प्युटर आला आणि सगळे सहा गठ्ठे एका हार्डडिस्कमध्ये कालवून टाकले. कागदाला जी शिस्त होती ती फाईलला लावायची एवढंच तर काम आहे, त्याला कुठला नवा सॉफ्टवेअर लागत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की तुमच्याकडे क्रमच उलटा झालाय. आधी निंदणीकरण, म्हणजे मुदत संपलेले कागद वेचून काढणं, मग स्कॅनिंग. एजन्सीला पानाप्रमाणे पैसे मिळतात, त्यामुळे तिला सगळंच स्कॅन करायचंय, मुदत कधीच संपलेली रजेची अर्जपत्रं, आठवण पत्रं, एकाच परिपत्रकाच्या बारा झेरॉक्स, सगळं. सरकारी पैशाने कचरा स्कॅन होतो आणि मग त्या कचऱ्यात २०११ ची नस्ती सापडत नाही. आधी दोन अनुभवी माणसं बसवा, एखादा निवृत्त अव्वल कारकून मिळाला तर सोन्याहून पिवळं, गठ्ठ्यांचे रुमाल सोडा, वर्गवारी बघा, ड मधलं मुदत संपलेलं बाजूला काढा, त्याची यादी करा, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्या आणि मगच नष्ट करा, ती यादी मात्र जपून ठेवा, कारण दहा वर्षांनी कुणी विचारलं तर ती यादीच तुमचं उत्तर असते. ज्या प्रकरणात कोर्टकेस चालू आहे, ऑडिटचा आक्षेप उभा आहे किंवा माहिती अधिकाराचा अर्ज वा अपील चालू आहे, तिथे मुदत संपली असली तरी हात लावायचा नाही.

आणि जुन्या कागदाला जुनाट समजू नका. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती आली आणि कुणबी नोंदी शोधायच्या निघाल्या तेव्हा आठवतंय ना काय झालं. ज्या गाव नमुना १४ ला, कोतवाल बुकाला, म्हणजे गावाच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींना, वर्षानुवर्षं कुणी विचारलं नव्हतं त्यासाठी रात्री बारापर्यंत रेकॉर्ड रूम उघड्या होत्या, मोडी वाचणारी माणसं शोधून आणावी लागली. कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी जागा अडते म्हणून ती पुस्तकं काढून टाकली असती तर? सातबाराचंही तेच. संगणकीकरण झालं, त्यात टायपिंगच्या चुका राहिल्या, कुणाचं क्षेत्र कमी, कुणाचं नाव गायब, मग २०१७ मध्ये चावडी वाचन झालं, म्हणजे गावासमोर सातबारे वाचून दाखवले, जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त्यांचे आदेश निघाले, आणि त्या दुरुस्त्या कशावरून झाल्या, तर हस्तलिखित सातबारावरून. संगणकातली नोंद बरोबर की चूक हे ठरवायला मूळ कागद शाबूत होता म्हणून निभावलं. हे तुमच्या साहेबांना नक्की सांगा, महसूलचे आहेत, त्यांना लगेच कळेल.

साहेबांना नाही म्हणायचं कसं, हा खरा प्रश्न आहे, मला कळतंय. नाही म्हणूच नका. टिपणी ठेवा. अशी काहीतरी, "स्कॅनिंग पूर्ण झालेल्या परंतु जतन कालावधी समाप्त न झालेल्या नस्त्यांची यादी सोबत सादर आहे. सदर नस्त्या नष्ट करणेबाबत आपले तोंडी निर्देश आहेत. तरी लेखी आदेश व्हावेत, ही विनंती." बस. नम्र भाषा, काही आरोप नाही, खाली तुमची तारखेसह सही. ई-ऑफिसमध्ये, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन फाईल प्रणालीत, ठेवली तर अजून उत्तम, पिवळ्या नोटवर नको, ती ड्राफ्ट असते, हिरवी करून पाठवा म्हणजे नंतर कुणाला खोडता येत नाही. तुम्हाला एक सांगतो, या टिपणीवर कुठलेही साहेब "मान्य" लिहीत नाहीत. फाईल एकतर चर्चा करावी म्हणून परत येते किंवा टेबलावर पडून राहते, दोन्हीत तुमचा कागद वाचतो. व्हीसी रूमचं म्हणाल तर निंदणीकरण नीट झालं की बरीच जागा आपोआप मोकळी होते, हेही टिपणीत टाका, साहेबांना तेवढंच तर हवंय.

व्हॉट्सअॅपचं पण यातच सांगून टाकतो, कारण हल्ली अर्धं प्रशासन ग्रुपवरच चालतं. ग्रुपवर मेसेज आला "ताई ते आजच करून टाका", तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवून भागत नाही, तुमचा फोन बदलला, ग्रुप डिलीट झाला की संपलं. त्याच दिवशी टिपणीत आणा, अमुक तारखेला अमुक वाजता व्हॉट्सअॅपवर मिळालेल्या सूचनेनुसार, असं लिहून. कार्यालयाच्या मेलवर पाठवा. खासगी जीमेलवरून सरकारी पत्रव्यवहार अजिबात नको.

आता त्या हार्डडिस्ककडे येऊ. तुम्ही लिहिलंय की आत फोल्डर आहेत "न्यू फोल्डर", "न्यू फोल्डर २", "फायनल", "फायनल नवीन" आणि त्यात हजारो फाईली, नाव काय तर स्कॅन शून्य शून्य एक, शून्य शून्य दोन. म्हणजे एकेक पान वेगळी फाईल, प्रकरण कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते कळायला मार्ग नाही. याला मी रेकॉर्ड म्हणतच नाही. गठ्ठा निदान रुमालात बांधलेला तरी होता, वर चिठ्ठी तरी होती. उद्याच एजन्सीच्या मुलाला बसवा आणि सांगा, एक नस्ती म्हणजे एक पीडीएफ, आणि नाव ठरलेल्या क्रमानेच पडलं पाहिजे, शाखा, वर्ष, नस्ती क्रमांक, गाव. जमीनबाब, २०११, क्रमांक ४७, अमुक गाव, असं. तारीख लिहायची तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फाईली आपोआप क्रमाने लागतात. आणि सोबत एक्सेलमध्ये एक सूची, त्यात नस्ती क्रमांक, विषय, गाव, गट नंबर, पक्षकाराचं नाव, एकूण पानं, वर्ग अ ब क ड, नाश करण्याचं वर्ष, आणि मूळ कागद कुठल्या रॅकवर. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ हेच सांगतं, २००५ पासून सांगतंय, की रेकॉर्ड सूचीबद्ध करा. ही सूची नसेल तर हार्डडिस्क कितीही टीबीची असो, उपयोग शून्य.

रेझोल्यूशन ३०० डीपीआय घ्या, फिकट शाईचं आणि मोडीचं रंगीत स्कॅन करा, काळं-पांढरं केलं तर शिक्का आणि पुसट सही गायब होते. पाठची बाजू विसरू नका हो. जुन्या नस्त्यांत साहेबलोक शेरे पाठीमागेच मारायचे, "पाहिले, दप्तरी दाखल" वगैरे, एजन्सीची पोरं पुढची बाजू स्कॅन करून पुढे जातात आणि नेमका निर्णय मागे राहतो. पीडीएफ काढताना पीडीएफ/ए हा प्रकार निवडा, तो दीर्घकाळ जतनासाठीच बनवलेला आहे, फॉन्ट त्यातच बसलेला असतो.

फॉन्टवरून आठवलं, तुम्ही विचारलंय की २००५ ते २०१२ मधल्या वर्ड फाईली उघडल्या की इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेली अक्षरं, मध्येच डॉलरचं चिन्ह असं काहीतरी दिसतं, फाईल करप्ट झालीय का. नाही झाली. त्या काळात युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणारी मराठी, फारसं कुणी वापरत नव्हतं, श्रीलिपी, कृतीदेव, सी-डॅकचं आयएसएम आणि त्यातला सुरेख, असा कारभार होता, तो फॉन्ट त्या मशीनवर होता तोवर मराठी दिसायचं. मशीन निर्लेखित झालं, म्हणजे भंगारात निघालं, फॉन्ट गेला, आणि आदेश वाचता येईना. फाईल डिलीट करू नका. तो फॉन्ट टाकून फाईल उघडा, तशीच पीडीएफ/ए मध्ये काढून ठेवा म्हणजे दिसेल तरी बरोबर, मग कन्व्हर्टरने युनिकोड करून दुसरी प्रत ठेवा म्हणजे शोधता येईल, आणि मूळ वर्ड फाईलही राहू द्या. कन्व्हर्टर जोडाक्षरात आणि आकड्यांत गडबड करतात, गट नंबर आणि क्षेत्र डोळ्यांनी ताडून बघा. आणि कृपा करून हे काम इंटरनेटवरच्या कुठल्याही फुकट साइटवर सरकारी कागद चढवून करू नका, त्यात लोकांचे आधार नंबर असतात, निराधारवाल्या म्हाताऱ्यांची बँक खाती असतात.

एकच हार्डडिस्क आहे हे वाचून मात्र धस्स झालं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, पाच माणसं गेली आणि वरच्या मजल्यांवरच्या किती फाईली जळाल्या त्याचे हिशोब पुढे कितीतरी दिवस चालले होते. तेव्हा सगळे म्हणाले कागद आहे म्हणून जळला, डिजिटल करा. बरं, डिजिटल असलं की जळत नाही का? दक्षिण कोरियासारख्या देशात सप्टेंबर २०२५ मध्ये डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाईली ठेवायची जी-ड्राइव्ह नावाची अख्खी यंत्रणा गेली, ८५८ टेराबाईट, बाहेर कुठे बॅकअपच नव्हता. तिथे तसं झालं तर आपल्या तहसीलच्या कपाटातल्या डिस्कचं काय घेऊन बसलात, ती तर शिपायाच्या हातून पडली तरी संपली. तीन प्रती करा. एक ऑफिसात, एक जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा एनआयसीकडे (सरकारचं संगणक केंद्र) पत्र देऊन त्यांच्या सर्व्हरवर, आणि एक वेगळ्या इमारतीत, ट्रेझरीच्या स्ट्राँगरूममध्ये ठेवायला परवानगी मिळते का बघा. दर सहा महिन्यांनी कुठल्याही वीस फाईली उघडून बघा आणि बघितल्याचं रजिस्टरला लिहा. बॅकअप घेतलाय एवढं म्हणून चालत नाही, तो उघडतो का ते बघावं लागतं.

हॅश व्हॅल्यू म्हणजे काय, असंही विचारलंय. फाईलमधून गणिताने काढलेला एक लांबलचक क्रमांक असतो, फाईलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी तो क्रमांक पार बदलतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड कोर्टात द्यायचं तर प्रमाणपत्र लागतं आणि त्या नमुन्यात हॅश लिहायचा रकाना आहे. म्हणजे उद्या तुमच्या स्कॅनवर दिवाणी कोर्टात वाद झाला तर हे लागणार. एजन्सीकडूनच प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ हॅश काढून सूचीत एक रकाना भरून घ्या, त्यांना दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्या सूचीची प्रिंट सहीशिक्क्यानिशी ठेवा.

माहिती अधिकाराच्या अर्जाला "अभिलेख आढळून येत नाही" एवढं एका ओळीचं उत्तर देऊ नका, हरवलं हे कारण नकाराच्या कलमांत कुठेच नाही. आधी अर्ज कधी आवक झाला ते बघा, तिथून ३० दिवस. मुदत उलटली तर रोजचे २५० रुपये, २५ हजारांपर्यंत, आणि तुम्ही जन माहिती अधिकारी नसलात तरी ज्याची मदत लेखी मागितली तो कर्मचारीही त्या कामापुरता जबाबदार धरला जातो. शोध कसा घ्यायचा? २०११ चं आवक-जावक आणि संबंधित संकलनाचं, म्हणजे शाखेचं, कार्यविवरण (कामाच्या नोंदीचं रजिस्टर) बघा, नस्ती वरिष्ठांकडे अपिलात गेली होती का ते जावकमध्ये सापडेल. कितीतरी नस्त्या प्रांत कार्यालयात अपिलाबरोबर गेलेल्या आणि परत न आलेल्या असतात. नसेल तर अकृषिक आदेशाची प्रत तलाठ्याकडे गेलेली असणार, गाव नमुना २ ला, म्हणजे अकृषिक जमिनींच्या नोंदवहीला, नोंद असणार, मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेखकडे कागद असणार, नगररचनेकडे अभिप्राय असणार, आणि अर्जदाराकडे तर मूळ आदेश असतोच. तिथून साक्षांकित प्रती मागवून नस्ती पुन्हा उभी करा, आणि हा सगळा शोध कुठे कुठे घेतला ते तारखेनिशी लिहा. तरीही नाही मिळाली तर जबाबदारी निश्चित करणं, तक्रार देणं हे साहेबांचं काम, तुम्ही फक्त लेखी कळवा.

डोंगल आजच साहेबांना परत करा. माहिती तंत्रज्ञान कायद्यात सहीची किल्ली आपल्याच ताब्यात ठेवायची जबाबदारी ज्याची सही त्याच्यावर आहे. पिन तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे ज्या दिवशी एखाद्या सहीवरून भानगड होईल त्या दिवशी साहेब म्हणणार डोंगल ताईंकडे असायचं. परत करताना साधं पोच पत्र करा आणि पिन बदलून घ्यायला सांगा. साहेब कुरकुरतील की प्रत्येक दाखल्याला मी कुठे बसू, बसू दे.

चार्जचंही नीट करून घ्या. तुमच्या आधीच्या लिपिकाने चार्ज यादीत कपाटं तीन, खुर्च्या दोन, पंखा एक लिहिलं आणि कॉम्प्युटरमध्ये काय आहे त्यावर अवाक्षर नाही. ते आत्ताही पूरक यादी म्हणून करता येतं, कुठल्या मशीनवर काय, कुठले लॉगिन, ई-ऑफिसमध्ये त्यांच्या इनबॉक्सला अडकलेल्या फाईली किती, त्या तुमच्या पदावर वर्ग करायला जिल्ह्याच्या ई-ऑफिस अॅडमिनला पत्र. बदली झालेल्या माणसाच्या इनबॉक्सात फाईली तशाच पडून राहतात आणि लोक इकडे हेलपाटे मारत बसतात.

आणि एजन्सीचं बिल. काम पूर्ण झाल्याचा दाखला तुमच्या सहीने निघणार असं तुमच्या पत्रावरून दिसतंय. दर शंभर नस्त्यांमागे पाच-दहा कुठल्याही काढा, मूळ कागदाची पानं मोजा, पीडीएफची पानं मोजा, पाठपोट बघा, सूचीतलं नाव जुळतं का बघा, जिथे जुळत नाही तो अख्खा गठ्ठा परत करून घ्या. त्यांच्या लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर एकही प्रत उरलेली नाही असं लेखी घ्या. मार्चएन्ड आहे, निधी परत जाईल, असं फोनवर फोन येतील. मोजणी होईपर्यंत सही करू नका.